उत्तर न देणारं विमान शत्रूचंच असतं का?

२७ फेब्रुवारी २०१९. काश्मीरमधल्या बडगामजवळ आपल्या हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. दलाचे सहा जण गेले, त्यात नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर. जमिनीवरचा एक नागरिकही गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं की ते पाडणारं क्षेपणास्त्र आपलंच होतं.

‘एवढी आधुनिक यंत्रं, तरी आपलं-परकं ओळखता येऊ नये?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. मुळात रडारला विमानाचा झेंडा दिसत नाही, दिसतो फक्त ठिपका. म्हणून जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्‌झवर सांकेतिक प्रश्न जातो आणि विमानातलं उत्तर देणारं उपकरण, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. उत्तर बरोबर आलं, तर विमान आपलं. पण उत्तरच आलं नाही तर? शत्रू गप्प असतो, हे खरं. पण ट्रान्सपॉन्डर बंद असेल, बिघडला असेल किंवा त्यात कालचाच संकेत राहिला असेल, तर आपलं विमानही गप्पच. हे यंत्र मित्र ओळखतं. शत्रू ओळखणं त्याला जमतच नाही.

आता हिशेब करू. समजा आकाशात १००० विमानं आहेत, त्यांतली शत्रूची १०. आपल्या ९९० पैकी फक्त ५ टक्क्यांचं उत्तर चुकलं, तरी जवळपास ५० विमानं गप्प. म्हणजे गप्प असलेल्या ६० पैकी ५० आपलीच! यंत्र ९५ टक्के अचूक असूनही. एआय आलं की अशा चुका थांबतील, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आधी हे गणित सोडवून दाखवावं.

कधी कधी उत्तर येतं, पण भलत्याचंच. प्रश्न किती अंतरावरच्या विमानाला विचारायचा, ती खिडकी माणूस ठरवतो. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर ही खिडकी बहुधा इराणमधल्या बंदर अब्बासच्या विमानतळावरच राहिली, असं चौकशीत पुढे आलं. तिथून उडालेलं प्रवासी विमान पुढे निघून आलं होतं. लष्करी संकेताचं उत्तर मात्र मागे विमानतळावर उभ्या असलेल्या दुसऱ्याच विमानाचं असावं. नौकेने ते विमान पाडलं आणि इराण एअरच्या त्या एअरबसमधले सर्व २९० जण मारले गेले. विमान आपल्यावर झेपावतंय, असं नौकेवरचे लोक एकमेकांना सांगत होते. नौकेच्याच संगणकातली नोंद सांगत होती, की ते वर चढतंय.