युनिव्हर्सल रिमोट : निवड आणि जुळणी

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, एसी अशा निरनिराळ्या उपकरणांना एकाच ठिकाणाहून आदेश देणारा रिमोट तो युनिव्हर्सल रिमोट. खोक्यावर किती हजार ब्रँड छापले आहेत ते पाहून तो घेण्याची पद्धत सर्रास दिसते. ती फसवी आहे. घरातली उपकरणे आदेश कशातून घेतात आणि रोज कोणत्या कळा दाबल्या जातात, या दोन गोष्टींवर निवड ठरते.

कार्यतत्त्व : बहुतेक रिमोट अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात. पुढच्या टोकाच्या एलईडीतून साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. ऊन आणि दिवे यांच्या गोंधळात तो वेगळा ओळखता यावा म्हणून सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकवला जातो. ३८ किलोहर्ट्झ सर्वांत प्रचलित. या लुकलुकण्यात आदेश कसा गुंफायचा, याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा सलग झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिट जातात. त्यांत उपकरणाचा पत्ता, त्याची उलटी प्रत, आदेश आणि त्याचीही उलटी प्रत असते. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ३६ किलोहर्ट्झवर १४ बिट असतात. सोनी ४० किलोहर्ट्झ वापरते आणि तोच आदेश लागोपाठ किमान तीनदा पाठवते. बँग अँड ओलुफसेन या डॅनिश कंपनीची जुनी उपकरणे थेट ४५५ किलोहर्ट्झवर चालतात. तिथे साध्या युनिव्हर्सल रिमोटचे काही चालत नाही.

इतिहास : फिलिप्सच्या मालकीच्या मॅग्नाव्हॉक्सने १९८५ मध्ये आणलेला रिमोट या प्रकारातला पहिला मानला जातो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सीएल ९ कंपनीचा ‘कोर’ १९८७ मध्ये आला. दुसऱ्या रिमोटचे संकेत तो शिकून घेई. पुढे लॉजिटेकने २००४ मध्ये हार्मनी ही रिमोटची मालिका विकत घेतली. ‘सिनेमा बघा’ अशी एकच कळ दाबली की टीव्ही, स्पीकर आणि प्लेअर आपापल्या जागी येत. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने तिचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून त्या तोडीचा, घराघरात पोचलेला पर्याय नाही. जुने हार्मनी आजही फिरून विकले जातात.

खरेदीपूर्वीची पाहणी : आधी सगळे रिमोट एका रांगेत मांडावेत. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर प्रत्येक रिमोटची कळ दाबावी. टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका चमकला तर रिमोट इन्फ्रारेड आहे. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड गाळणी असते, म्हणून पुढचाच वापरावा. ठिपका दिसला नाही तर आधी सेल बदलून पाहावेत. तरीही नाही दिसला तर ती कळ ब्लूटूथवर किंवा तत्सम रेडिओ लहरींवर चालते.

गाडे इथेच अडते. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायच्या ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड ग्राहकच, म्हणजे तो प्रकाश टिपणारा भागच, नसतो. तिच्या रिमोटच्या आवाज आणि पॉवरच्या कळा टीव्हीला इन्फ्रारेड पाठवतात, पण बाणांच्या कळा स्टिकशी ब्लूटूथवर बोलतात. म्हणजे कॅमेऱ्यात एका कळेला ठिपका दिसतो, शेजारच्या कळेला नाही. अशी स्टिक घरात असेल तर साधा इन्फ्रारेड रिमोट, मग तो कितीही महाग असो, तिच्यापुरता निरुपयोगी. त्यासाठी सोफाबॅटनसारखा ब्लूटूथ असलेला रिमोट लागतो. टीव्हीचे तसे नाही : सोबतचा रिमोट ब्लूटूथचा असला तरी टीव्हीत इन्फ्रारेड ग्राहक बहुधा असतोच. माइक वापरून बोलून शोधण्याची सोय तेवढी जाते.

पाहणीतला दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे : नव्या रिमोटची गरज आहे का? एचडीएमआय केबलमधली सीईसी ही सोय सुरू केली की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि स्टिकवर बाण फिरतात. सेटिंगमध्ये ती सॅमसंगकडे एनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक आणि एलजीकडे सिमलिंक या नावांखाली दडलेली असते. साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, एचडीएमआय पोर्टलाच जोडलेला हवा. दोनच उपकरणांचा संसार असेल तर एवढ्यावर काम भागते. भारतातल्या सेट-टॉप बॉक्सकडून मात्र सीईसीची फार अपेक्षा ठेवू नये.

प्रकार : सर्वांत स्वस्त सोय बऱ्याचदा घरातच असते. अनेक डीटीएच आणि केबल बॉक्सच्या रिमोटवर चार-पाच कळांची वेगळी पट्टी असते : टीव्ही पॉवर, एव्ही (इनपुट बदलण्याची) आणि आवाजाच्या दोन. या कळांना टीव्हीच्या रिमोटवरून शिकवता येते, आणि टीव्ही-बॉक्स एवढीच जोडी असलेल्या घराला ते पुरते.

कोड टाकून चालणाऱ्या रिमोटमध्ये ब्रँडवार कोडची यादी आधीच भरलेली असते. वन फॉर ऑलच्या अनेक मॉडेलांत सेटअपची कळ दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून चार आकडी कोड टाकतात. कोड सापडत नसेल तर ९९१ टाकून एकेक कोड तपासत जातात. टीव्ही बंद झाला म्हणजे कोड जुळला असे नव्हे. पॉवर आणि आवाज चालतात पण मेनू उघडत नाही, हा अर्धवट जुळणीचा नेहमीचा नमुना. अशा वेळी त्याच ब्रँडचा पुढचा कोड घ्यावा.

मूळ रिमोटचे संकेत टिपून साठवणारा, म्हणजेच शिकणारा रिमोट यापेक्षा भरवशाचा, कारण त्याला यादीत तुमचे उपकरण असण्याची गरज नाही. स्थानिक केबलचा बॉक्स किंवा अनोळखी ब्रँडचा होम थिएटर असेल तर हाच घ्यावा.

वायफाय ब्लास्टर हे चौथे रूप. ब्रॉडलिंकसारखी ही डबी मोबाइल किंवा अलेक्साकडून आदेश घेऊन खोलीभर इन्फ्रारेड फेकते. इन्फ्रारेड भिंत किंवा लाकडी दार ओलांडत नाही, त्यामुळे खोलीगणिक एक डबी लागते. अशा बहुतेक डब्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय ओळखतात. जोडणी फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. राउटर बंद तर अलेक्साचा आवाजी आदेशही बंद, म्हणून मूळ रिमोट हाताशी हवाच. शाओमीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये इन्फ्रारेड एलईडी असतो. तो अडीनडीला उत्तम, पण घरातल्या सगळ्यांचा रिमोट होऊ शकत नाही.

शिकवण्याची रीत : मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालावेत. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, एलईडी एका रेषेत येतील असे, २ ते ५ सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. थेट ऊन आणि डोक्यावरचा एलईडी दिवा टाळावा. नव्या रिमोटला शिकण्याच्या अवस्थेत नेऊन हवी ती कळ दाबावी, मग मूळ रिमोटची कळ दाबावी. काही रिमोटना एक टिचकी पुरते, काहींना दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे लागते. माहितीपत्रकात हे पाहावेच. आधी दोनच कळा शिकवून उपकरणावर तपासाव्यात, म्हणजे चाळीस कळा शिकवून झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात करण्याची वेळ येत नाही.

तरी काही बिघाड चकवतात. आरसी-५ मधला एक बिट दर वेळी कळ दाबली की उलटतो. ‘नवी दाब’ आणि ‘धरून ठेवलेली कळ’ यांतला फरक उपकरणाला त्यावरून कळतो. शिकलेल्या कळेत तो बिट गोठून राहतो. परिणामी ११ नंबरचा चॅनल लावताना दुसरा १ उपकरणाच्या लेखी पडतच नाही. दोष सेलचा वाटतो, पण उपाय एकच : ती कळ न शिकवता कोड यादीतून घेणे.

एसीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा रिमोट ‘एक अंशाने वाढव’ असे सांगत नाही. तापमान, मोड, पंख्याचा वेग, झडपेची हालचाल अशी पूर्ण स्थिती दर दाबीला एकत्र पाठवतो. म्हणून शिकणाऱ्या रिमोटवर एसीच्या वर-खाली कळा शिकवणे व्यर्थ आहे. ‘२४ अंश, कूल, ऑटो फॅन’ आणि ‘बंद’ अशा दोन-तीन ठरावीक स्थिती शिकवाव्यात. तापमान मनाजोगते बदलायचे असेल तर स्क्रीन असलेला, खास एसीचा युनिव्हर्सल रिमोट घ्यावा.

एका कळेवर अनेक आदेश बांधताना पॉवरची कळ घात करते. बहुतेक मूळ रिमोटवर चालू आणि बंद यांची कळ एकच असते. तीन उपकरणांपैकी एकाचा संकेत हुकला की ते इतरांच्या उलट अवस्थेत जाते, आणि पुन्हा कळ दाबली की दोन बंद, एक चालू असा खेळ सुरू राहतो. कोड यादीत चालू आणि बंद यांचे स्वतंत्र कोड असतील तर तेच बांधावेत. सीईसीही सुरू असेल तर टीव्ही आपणहून साउंडबार चालू करतो आणि रिमोटचा पुढचा संकेत तो बंद करतो; दोहोंपैकी एकच यंत्रणा ठेवावी.

बाजारातली खरेदी : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘सेम टू सेम’ रिमोट मागताना जुना रिमोट सोबत न्यावा, मॉडेल क्रमांक बऱ्याचदा सेलच्या झाकणाआड असतो. टीव्हीचा क्रमांक तेवढा उपयोगी नाही. दिसायला हुबेहूब रिमोटचा कोड वेगळा असू शकतो, म्हणून बदलून मिळेल का हे आधी ठरवावे. वयस्क माणसांसाठी कळांची संख्या कमी, आकडे ठसठशीत आणि आवाज-चॅनलच्या कळा अंधारात बोटाला ओळखू येणाऱ्या हव्यात, टचस्क्रीन टाळावी. सेल काढल्यावर शिकवलेले टिकते का, हेही विचारावे, कारण काही स्वस्त रिमोट सगळे विसरतात. मूळ रिमोट फेकू नयेत. सेल काढून, कोणता कशाचा हे चिकटपट्टीवर लिहून ते ठेवून द्यावेत : टीव्हीचे सॉफ्टवेअर पूर्ववत करताना किंवा ब्लूटूथची जोडणी नव्याने करताना तेच लागतात.