ऐतिहासिक लिहिताना 'चुकलं तर?' ही धास्ती आली कुठून

मागच्या थंडीत पानिपतावर एक कथा लिहायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर गाडी अडकली. छावणीतली एक बाई चूल पेटवतेय, एवढंच वाक्य होतं, पण सवयीने तिच्या हातात मी काडेपेटी देऊन बसले. आता १७६१ साली काडेपेटी कुठली, घासून पेटणारी काडी इंग्लंडात निघाली तीच १८२६ च्या सुमारास. मग चकमक, म्हणजे ठिणगी पाडायची गारगोटी आणली. मग प्रश्न पडला की ठिणगी धरायला कापूस लागेल तो ती कुठे ठेवत असेल, मग गोवऱ्या की लाकडं, वेढा पडल्यावर लाकडं मिळत तरी होती का... तीन आठवडे झाले तरी चूल काही पेटेना.

ऐतिहासिक काही लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं. मला वाटायचं ऐतिहासिक कादंबरी जितकी जुनी तितकीच ही भीती पण जुनी असणार. पण मागे जाऊन बघितलं तर तसं दिसत नाही.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणजे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ ची. तेव्हा इतिहास म्हणून हाताशी होतं काय? ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठ्यांच्या इतिहासावरचा १८२६ चा ग्रंथ, त्याचं मराठी भाषांतर, पोवाडे, आणि कुणाकुणाच्या घरी कपड्यात बांधून ठेवलेल्या बखरी, त्या पण बऱ्याचशा मोडीत. बखरी नीट छापून यायला लागल्या त्या १८७८ ला 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाल्यावर. म्हणजे गुंजीकरांची चूक काढायची म्हटली तरी ती पडताळायला वाचकाकडे काहीच नव्हतं! त्यांनी पात्रं बहुतेक कल्पित घेतली आणि बिनघोर लिहिलं. हां, डफच्या चुका दाखवायला नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजातल्या पोराने त्याच सुमारास सुरुवात केली होती, पण ती भानगड इतिहासवाल्यांची, कादंबरीवाल्यांपर्यंत ती झळ यायला अजून वेळ होता.

हरिभाऊ आपट्यांचं पण तेच. 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणूक'मधे हप्त्याहप्त्याने येत होती. शिवाजी महाराज आहेत त्यात, पण गोष्ट चालते ती सुलतानगडाच्या किल्लेदाराच्या घरात, रंगराव आप्पा आणि त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यात, आणि ही माणसं हरिभाऊंची स्वतःची. मला ही युक्ती अजूनही सगळ्यात भारी वाटते, मोठा माणूस लांबून दिसत राहतो आणि आपण आपल्या माणसांच्या ओसरीवर बसून गोष्ट सांगायची, तिथे कोण येऊन तुम्हाला पुरावा मागणार?

मग १८९८ साल आलं. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला, आणि त्यात नेमकी पानिपतच्या काळातली पत्रं. अस्सल पत्रं, म्हणजे त्या माणसांनी त्या दिवसात लिहिलेली, नंतर कुणी ऐकून रचलेली नाही. अशी साधनं जमवायला हा माणूस गावोगाव वाड्यांच्या माळ्यावर चढला, वाण्याच्या पुड्यांत जाणारे कागद वाचवले. पुढे १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, १९३० नंतरच्या चार वर्षांत रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. झालं, आता वाचकाच्या हातात फूटपट्टी आली. माझ्या मते 'चुकलं तर?' चा जन्म इथला आहे, फार तर सव्वाशे वर्षांचं वय.

गंमत म्हणजे ही फूटपट्टी स्वतःच सारखी सरकत राहिली. हरिभाऊंचीच 'गड आला पण सिंह गेला' घ्या, १९०३ ची. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपल्याला शाळेपासून पाठ, १६७० ची गोष्ट. पण महाराजांच्या १६६३ च्या एका पत्रात सिंहगड हे नाव आधीच येतं. मग कादंबरी खोटी पडली का? अजून वाचतात लोक.

किंवा महाराजांची जन्मतिथी बघा. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७, हीच धरली जायची, १९२७ ला त्रिशतसांवत्सरिक उत्सव पण त्याच हिशोबाने झाला. तोवर टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार नोंद) छापून दहाएक वर्षं झाली होती आणि त्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सरकारने ही तारीख घेतली ती थेट २००० च्या आसपास. (आणि ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आजच्या हिशोबाने १ मार्च येते, पण तो विषय काढला की भांडण सुरू.) म्हणजे अफझलखानाच्या वेळी महाराज बत्तीस वर्षांचे असं जुन्या लेखकाने लिहिलं असेल तर त्याच्या काळापुरतं ते बरोबरच होतं, आपल्या हिशोबाने एकोणतीस.

याची सगळ्यात वाईट बाजू नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या वाट्याला आली. संभाजीराजांवरचं 'राजसंन्यास' नाटक अपुरं ठेवून ते १९१९ च्या जानेवारीत गेले. तेव्हाची संभाजीराजांची प्रतिमा बखरींतली, व्यसनी वगैरे. वा. सी. बेंद्र्यांनी चाळीसेक वर्षं कागद धुंडाळून संभाजीराजांचं चरित्र काढलं ते १९६० ला, आणि ते चित्र पार बदललं. जानेवारी २०१७ मधे पुण्याच्या बागेतला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला, कारण तेच नाटक. लेखक गेल्यावर ४१ वर्षांनी आलेल्या पुस्तकाची माहिती त्याला कशी असणार होती? आज लिहिणाऱ्याच्या भीतीत हा भाग पण मिसळलाय. तारीख चुकली तर इतिहासवाला हसेल ही एक भीती आणि लोक अंगावर येतील ही दुसरी, आणि दुसरीवर कितीही रिसर्च केला तरी औषध नाही.

साठच्या दशकात लेखक परत धीट झाले, आणि या वेळी तर थेट खरी माणसंच मधोमध घेऊन. रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ ची, तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. माधवराव पेशवे आणि रमाबाई एकांतात काय बोलले ते कुठल्या दफ्तरात असणार, पण माधवराव थेऊरला वारले, रमाबाई सती गेल्या हे पक्कं आहे, आणि दोन पक्क्या खुंट्यांमधे दोरी लेखकाने बांधली. 'श्रीमान योगी'च्या वेळी तर नरहर कुरुंदकरांनी देसायांना लांबलचक पत्र लिहून महाराजांबद्दल काय माहिती आहे, कुठे नुसते तर्क आहेत ते मांडलं, आणि तेच प्रस्तावना म्हणून छापलं. वाचकाला आधीच सगळं दाखवून टाकलं की मग चोरी पकडली जायची भीती उरते कुठे. तिथून पुढे मोठी प्रस्तावना आणि मागे संदर्भांची यादी ही पद्धतच पडली, काही ठिकाणी तर ती नुसती ढाल असते हे पण खरं.

माझ्या कथेकडे येते. चकमकीच्या नादात एक खरी चूक सुटणार होती. लढाईच्या सकाळी ती बाई पोराच्या हातावर तीळ ठेवते असं मी लिहिलेलं, १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, पानिपतावर संक्रांत आली असं आपण म्हणतोच की. पण संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३, त्याच्या शंभर वर्षं मागे गेलं की १०-११ येते. लढाईच्या तीन-चार दिवस आधीच संक्रांत होऊन गेलेली! तीळ काढले. खरंतर बरंच झालं, दोन महिन्यांच्या वेढ्यात तीळ आले कुठून हा प्रश्न पण मिटला.

त्या बाईचं नाव कुठल्याच कागदात नाही. पेशव्यांना भेलशाच्या बाजूला जी सांकेतिक चिठ्ठी मिळाली तिच्यात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असं होतं. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. माझी बाई खुर्द्यातली. तिला चकमक दिली, कापूस पदराच्या गाठीत बांधला, आणि काल चूल पेटली एकदाची.