डाइव्ह बारमधील जेवण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, वस्तीतल्या जुन्या, अंधाऱ्या आणि कसलाही डौल नसलेल्या मद्यगृहाला ‘डाइव्ह बार’ म्हणतात. अशा ठिकाणी आगाऊ बेत न आखता, बहुधा काउंटरपाशी उंच स्टुलावर बसून घेतलेल्या साध्या जेवणाची ही नोंद आहे. ‘डाइव्ह’ म्हणजे बुडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायऱ्या उतरून जाव्या लागणाऱ्या तळघरातील बदनाम अड्ड्यांना अमेरिकी वृत्तपत्रे हा शब्द लावीत, आणि मराठीतील ‘गुत्ता’ या शब्दात जी तुच्छता आहे तीच त्यातही होती. आज मात्र आसपासचे रहिवासी तो आपुलकीने उच्चारतात.

हे जेवण मद्याच्या पाठोपाठ आले, आणि ते आणण्यात व्यापाराइतकाच कायद्याचाही हात होता. एकोणिसाव्या शतकातील सलूनांमध्ये, म्हणजे त्या काळच्या अमेरिकी मद्यगृहांमध्ये, बिअरचा एक पेला घेणाऱ्याला ‘फुकट जेवण’ मिळे. खारवलेले डुकराचे मांस, चीज, मुरवलेल्या काकड्या आणि राय धान्याचा पाव असे पदार्थ मांडलेले असत. त्यांच्या खारटपणाने तहान वाढे आणि मालकाचा खर्च वसूल होई. तरीही अनेक कष्टकऱ्यांच्या दुपारच्या भुकेची सोय त्यावरच होत असे, हे विसरता कामा नये. १८९६ साली न्यूयॉर्क राज्याने रेन्स कायदा करून रविवारी फक्त हॉटेलांत आणि तेही जेवणासोबतच मद्य देण्याची मुभा ठेवली, तेव्हा कित्येक सलूनवाल्यांनी दहा खोल्या काढून स्वतःला हॉटेल म्हणवून घेतले आणि एकच वाळके सँडविच एका गिऱ्हाइकापुढून उचलून दुसऱ्यापुढे ठेवले. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, याच राज्याने खाद्यपदार्थाविना मद्य देण्यास पुन्हा मनाई केली आणि काही बारांनी नाममात्र किमतीचे बटाट्याचे वेफर्स यादीत घातले.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात सलूनांची ती जुनी परंपरा मोडली. पुढे वस्तीतल्या बारांत जे स्वयंपाकघर उभे राहिले ते अगदी तोकडे होते: एक सपाट लोखंडी तवा, एक तळणी आणि फ्रीज. बर्गर, तळलेले बटाटे, कोंबडीचे पंख, चीज घालून भाजलेले सँडविच ही ठरलेली यादी याच मर्यादेतून आली. ज्यांच्याकडे एवढेही नव्हते त्यांच्यासाठी काउंटरमागे मावणारी छोटी विजेची भट्टी आणि गोठवलेला पिझ्झा ही मोठीच सोय ठरली. विस्कॉन्सिनमधील मेडफर्ड येथे दफनभूमीसमोर असलेल्या ‘टूमस्टोन टॅप’ या छोट्या बारच्या मालकांनी १९६२ साली असे पिझ्झे करून आसपासच्या बारांना पुरवायला सुरुवात केली, आणि बारचे तेच नाव पुढे देशभर विकल्या जाणाऱ्या पिझ्झाचे झाले.

अशा अपुऱ्या साधनांतूनही अस्सल पदार्थ जन्माला आले, आणि या जेवणाचा खरा मान त्यातच आहे. बफेलो शहरातील अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळले, अशी त्या पदार्थाच्या उगमाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत आहे. मिनीॲपोलिसच्या ‘जूसी लूसी’ बर्गरमध्ये चीज वरून ठेवत नाहीत; खिम्याच्या दोन पातळ चकत्यांमध्ये ते घालून कडा दाबून बंद करतात. तव्यावर आत ते पार वितळते, आणि घाईने चावा घेणाऱ्याचे तोंड हमखास पोळते. म्हणून वाढणारा माणूस थोडे थांबायला सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी मांस वर्ज्य मानणाऱ्या कॅथलिक वस्त्यांमुळे बिअर घालून भिजवलेल्या पिठात बुडवून तळलेल्या माशांची रीत रुजली, आणि त्या संध्याकाळी बारमध्ये मुलाबाळांसह कुटुंबे दिसतात.

पदार्थ बहुधा कागद अंथरलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत येतो. तेलाचा डाग कागदावर पसरत जातो आणि तळाचे बटाटे मऊ पडतात. जाणते लोक म्हणून बटाट्यांपासूनच सुरुवात करतात. ऑर्डर बारटेंडरच घेतो, लहान जागी तोच आत जाऊन रांधतोही, त्यामुळे घाई करणे असभ्य ठरते. काही बार अजूनही रोख पैसेच घेतात, आणि बिलाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी टिप ठेवण्याचा प्रघात आहे. एकट्याने जेवायला ही जागा विशेष सोयीची आहे, कारण काउंटरवर सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. शेजाऱ्याशी बोलले तरी चालते, न बोलले तरी कोणाला खटकत नाही. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी घर आणि कामाचे ठिकाण यांपलीकडील ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली, तीत वस्तीतला बारही येतो.

तळणी मात्र मद्यविक्रीच्या आधीच बंद होते. त्यानंतर आलेल्या भुकेल्याला वेफर्सचे पाकीट, किंवा काउंटरवरच्या बरणीतले व्हिनेगरमध्ये मुरलेले अंडे, एवढेच मिळते.