विशेष विषय अभ्यासक्रम (संगणकशास्त्र)

विद्यापीठीय संगणकशास्त्रात ज्या अभ्यासक्रमाचा क्रमांक कायम राहतो पण विषय दर सत्रात बदलू शकतो, त्याला विशेष विषय अभ्यासक्रम म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी तो ‘स्पेशल टॉपिक्स’ असतो. माहितीपुस्तिकेत ‘निवडक विषय’, ‘प्रगत विषय’ अशी नावेही आढळतात. एका सत्रात त्या क्रमांकाखाली क्वांटम संगणन शिकवले जाते, तर पुढच्या सत्रात ब्लॉकचेन किंवा प्रोग्राम पडताळणी. पुस्तिकेतले वर्णन दोन ओळींत आटोपलेले असते आणि त्यावरून यंदा काय शिकवणार याचा काहीच पत्ता लागत नाही. खरी माहिती मिळते ती सत्राच्या तोंडावर प्राध्यापकांनी लावलेल्या पानभर टिपणातून.

ही सोय करावी लागते ती मंजुरीच्या संथ गतीमुळे. नियमित अभ्यासक्रम सुरू करायचा तर प्रस्ताव विभागाच्या समितीतून अभ्यासमंडळाकडे आणि तिथून विद्यापरिषदेकडे जातो. यात वर्ष सहज निघून जाते. विशेष विषयाचा क्रमांक आधीच मंजूर असल्याने विभागप्रमुखांची संमती बहुधा पुरते. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पदवी अभ्यासक्रमाचे आराखडे १९६८, १९७८, १९९१, २००१, २०१३ आणि २०२३ असे साधारण दशकाच्या अंतराने आले (१९९१पासून आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटी या दुसऱ्या संघटनेच्या साथीने). यातल्या शेवटच्या दोन आराखड्यांच्या मधल्या काळात, २०१७ साली, ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची रचना प्रसिद्ध झाली आणि २०२२च्या अखेरीस तिच्यावरच उभे असलेले चॅटजीपीटी सर्वसामान्यांच्या हातात पोचले. मधली वर्षे भरून काढण्याचे काम मुख्यतः विशेष विषयांनी केले.

क्रमांक देण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर विशेष विषयांना सीएस २९४ हा एकच क्रमांक असून पुढे जोडअंक लागतो. डीप रीइन्फोर्समेंट लर्निंगचा (यंत्राला चुका आणि बक्षिसांतून शिकवण्याच्या तंत्राचा) अभ्यासक्रम तिथे २९४-११२ म्हणून चालला आणि २०१९मध्ये त्याला सीएस २८५ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. एमआयटीत क्रमांकातच ‘एस’ अक्षर येते. डीप लर्निंगचा परिचय करून देणारा ६.एस१९१ हा त्यातला बाहेरच्यांनाही ठाऊक असलेला अभ्यासक्रम. दिल्लीच्या आयआयटीने उपशाखेनुसार वेगळे क्रमांक राखून ठेवले: सीओएल ८६४ कृत्रिम बुद्धिमत्तेतील विशेष विषयांसाठी, सीओएल ८६८ डेटाबेस प्रणालींसाठी. ही पद्धत जास्त शिस्तीची खरी, पण कुठल्याच कप्प्यात न बसणारा विषय आला की पंचाईत होते.

अशा प्रायोगिक शिकवणीतून काय उभे राहू शकते, हे १९७८मध्ये एमआयटीत दिसले. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या लिन कॉनवे पाहुण्या प्राध्यापिका म्हणून तिथे आल्या आणि त्यांनी ६.९७८ या क्रमांकाखाली चिपचा आराखडा तयार करण्याचा अभ्यासक्रम घेतला. तोवर चिप बनवणे हे कंपन्यांच्या आतले काम होते. सत्राच्या पहिल्या भागात विद्यार्थी रचनेचे सोपे केलेले नियम शिकले आणि उरलेल्या भागात त्यांनी स्वतःच्या चिपा आखल्या. गाय स्टील या विद्यार्थ्याने लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा चालवणारा प्रोसेसर आखला. सगळे आराखडे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरून पार्कला गेले आणि सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेजारी-शेजारी मांडण्यात आले. त्यामुळे निर्मितीचा खर्च वाटला गेला. सत्र संपल्यावर तयार चिपा विद्यार्थ्यांच्या हातात आल्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेऐवजी चालते सिलिकॉन तपासायला मिळावे, ही त्या काळी अजब गोष्ट होती. कॉनवे यांची टिपणे घेऊन पुढच्याच वर्षी बारा-एक विद्यापीठांनी हा विषय शिकवला. त्यातून जमलेले ८२ आराखडे एकत्र बनवून घेतले गेले. याच व्यवस्थेचे १९८१मध्ये मोसिस या चिपा बनवून देणाऱ्या कायमस्वरूपी सेवेत रूपांतर झाले, आणि काही वर्षांतच शंभराहून अधिक विद्यापीठांत हा विषय शिकवला जाऊ लागला.

विशेष विषयाच्या वर्गात बहुतेकदा पाठ्यपुस्तक नसते, कारण ते अजून लिहिलेलेच नसते. त्याची जागा शोधनिबंध घेतात. आठवड्याला दोन-तीन पेपर, आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येकाचे पानभर परीक्षण आणि वर्गात एका विद्यार्थ्याचे सादरीकरण, असा रिवाज रुळला आहे. पेपर वाचायचा कसा, हेही शिकवावे लागते. श्रीनिवासन केशव यांनी २००७मध्ये मांडलेली तीन फेऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी पहिल्याच तासाला सांगितली जाते: पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके आणि निष्कर्ष, मग सिद्धता बाजूला ठेवून आकृत्या आणि मुख्य मुद्दे, आणि शेवटी लेखकांनी केलेले काम मनातल्या मनात पुन्हा उभे करत केलेले वाचन. नवख्याला तिसऱ्या फेरीत काही तास सहज लागतात. सत्राअखेरीचा प्रोजेक्ट म्हणजे पुष्कळदा एखाद्या पेपरमधला प्रयोग पुन्हा करून पाहणे. आकडे जुळत नाहीत तेव्हा विद्यार्थी सर्वांत जास्त शिकतो.

विशेष विषयासारखेच वाटणारे आणखी दोन प्रकार आहेत: परिसंवादात (सेमिनारमध्ये) फक्त ऐकणे-बोलणे असते आणि स्वतंत्र अभ्यासात एक विद्यार्थी एका मार्गदर्शकाबरोबर काम करतो. विशेष विषयाला मात्र पूर्ण क्रेडिट, वेळापत्रकातली जागा आणि ग्रेड असते.

दोषही त्याच लवचीकतेतून येतात. विषय एकाच प्राध्यापकाच्या आवडीवर उभा असतो. ते रजेवर गेले की विषयही जातो. पूर्वअट म्हणून ‘शिक्षकांची परवानगी’ एवढेच छापलेले असल्याने एकाच वर्गात लिनियर अल्जिब्रा पक्के असलेले आणि त्याची उजळणी लागणारे शेजारी बसतात. एखादे नवे सॉफ्टवेअर साधन वापरायला शिकवणे एवढ्यावरच काही ठिकाणी निभावले जाते. ते साधन मागे पडले की गुणपत्रिकेवर नुसते नाव उरते. तेही असले तर, कारण काही विद्यापीठांच्या गुणपत्रिकेत त्या सत्राचा खरा विषय उमटतच नाही. अशा वेळी दुसऱ्या विद्यापीठात क्रेडिट मान्य करून घेताना टिपण आणि वाचनयादी सोबत जोडावी लागते. ती जपून ठेवलेली बरी.

विषय वेगळा असेल तर हाच क्रमांक पुन्हा घेता येतो, मात्र पदवीसाठी असे किती क्रेडिट धरायचे यावर विभागाची मर्यादा असते. मर्यादा शिकवणाऱ्यांवरही असते: तोच विषय दोन-तीनदा झाला की त्याचा नियमित अभ्यासक्रमासाठी प्रस्ताव द्यावा, असा दंडक अनेक ठिकाणी आहे. शीर्षकाला ‘आधुनिक’ किंवा ‘प्रगत’ हे विशेषण जोडून तो चुकवताही येतो, आणि समितीतले लोक, त्यांनी स्वतःही कधीतरी तेच केलेले असल्याने, फारशी हरकत घेत नाहीत.