इंडीकारमध्ये मिथेनॉल आलं कसं आणि गेलं कसं

इंडीकार ही अमेरिकेतली कार रेसिंगची मालिका, आणि तिची सगळ्यात मोठी रेस इंडियानापोलिसला होते. तिथे गाड्या अल्कोहोलवर, म्हणजे मिथेनॉलवर, पळणं नवीन नव्हतं. उलट १९६४ ला काही टीम मुद्दाम पेट्रोलवर आल्या, कारण मिथेनॉलमध्ये लिटरमागे जेमतेम निम्मी ऊर्जा, म्हणजे पिटस्टॉप (इंधन भरायला बाजूला थांबणं) जास्त. ३० मे ला दुसऱ्याच लॅपमध्ये एक गाडी आतल्या भिंतीला धडकून पेटली आणि तशीच घसरत परत ट्रॅकवर आली, मागून येणारी तिच्यात घुसली, दोन्ही ड्रायव्हर गेले. अपघातामुळे ही रेस मध्येच थांबवायची वेळ पहिल्यांदाच आली.

त्यानंतर पेट्रोलवर थेट बंदी आली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते इतकं सरळ नाही. १९६५ च्या नियमांनी प्रेशरने इंधन भरणं बंद केलं आणि किमान दोन पिटस्टॉप सक्तीचे केले. थांबायचंच आहे म्हटल्यावर पेट्रोलचा फायदा उरला नाही आणि टीम आपणहून मिथेनॉलवर गेल्या. आगीच्या दृष्टीने ते बरोबरच होतं असं मला वाटतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेते, मिथेनॉलला साधारण ११ अंश लागतात, शिवाय मिथेनॉल पाण्यात मिसळतं म्हणून नुसत्या पाण्याने विझतं.

पण त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही, धूरही नाही. १९८१ ला पिटमध्ये नळी गाडीला नीट बसायच्या आधीच इंधन उडालं आणि पेटलं. ड्रायव्हर चेहऱ्यावरून हात मारत धडपडतोय, आजूबाजूच्यांना कळेना हा असा का करतोय, शेवटी त्याच्या वडिलांनी एक्स्टिंग्विशर घेऊन त्याला विझवलं. नाकाची सर्जरी करावी लागली. नोझलचं डिझाइन बदललं ते यानंतर.

विषाचा भाग मात्र या सगळ्यात मागेच पडला, आणि मला तेच जास्त खटकतं. २०१५ ला मुंबईतल्या मालवणीच्या दारूकांडात शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. ते कातडीतून, श्वासातूनही शरीरात जातं, त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळ्यांची नस जाते. रेसमध्ये ते रोज हाताळायचे मेकॅनिक.

२००६ ला १० टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि २००७ पासून मिथेनॉल गेलंच. शिसंही असंच विष. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या स्टॉक कार रेसनी (बाहेरून साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शिसं मिसळलेलं पेट्रोल सोडलं, तेही रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बंद होऊन ११ वर्षं झाल्यावर. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत मात्र शिशाचं ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) आजही भरलं जातं, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं.