एका टेबलावर तीन घड्याळं

माझ्या टेबलावरची मॉडेल रेल्वेची गाडी उभी होती तोवर मित्र खूश होता. वाकून, एक डोळा मिटून त्याने फलाटावरचा बाक पाहिला, सिग्नलच्या शिडीच्या पायऱ्या मोजल्या, मालडब्याच्या तळाला मी ब्रशने लावलेला गंज बोटाने पुसून पाहिला (पुसला गेला, ते असो). "अगदी खरं वाटतंय रे," म्हणाला. मग मी गाडी सोडली. एक फेरी झाली, गाडी फलाटाशी आली, मी बटण फिरवून थांबवली. तो हसला. "आता खेळणं वाटायला लागलं."

मी दुखावलो, पण त्याचं खरं होतं. गाडीचा वेग मी मोजून लावला होता, डबे मोजमापात चोख होते. तरी हलायला लागल्याबरोबर सोंग उघडं पडलं. असं का होतं, या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही.

मॉडेल रेल्वेबद्दल सगळ्यांची एक समजूत असते, आणि सुरुवातीला माझीही होती: खरी रेल्वे घ्यायची, सगळं ठरावीक पटीने लहान करायचं, की झालं. जगात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. त्यात पट ८७. खऱ्या स्टँडर्ड गेजच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ने भागा, साडेसोळा मिलिमीटर येतात. एचओचे रूळ तेवढेच असतात. जागा कमी असेल तर एन माप, पट १६० आणि रूळ ९ मिलिमीटरवर. त्याहून लहान झेड, पट २२०, मेर्कलिन या जर्मन कंपनीने १९७२मध्ये आणलेलं, ज्याचं इंजिन शर्टाच्या खिशात हरवतं. पट कुठलीही असो, लांबी-रुंदी-उंचीचं गणित सरळ आहे. पाचवीतला मुलगाही करेल.

वजनाचं गणित तिथेच बिघडतं. लांबी ८७ पटीने घटली की आकारमान ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पटीने घटतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने. १२० टनांचं इंजिन या हिशोबाने भरतं १८२ ग्रॅम. ४० टनांचा प्रवासी डबा फक्त ६१ ग्रॅम. एवढा हलका डबा प्रत्यक्षात चालवून पाहा, दर दुसऱ्या सांध्यावर तो रूळ सोडतो. कारण रुळाच्या जोडावरची अर्ध्या मिलिमीटरची उंचसखल जागा ही खऱ्या मापात चार सेंटिमीटरहून मोठी पायरी असते, आणि आपला हात त्याहून बारीक काम क्वचितच करतो. म्हणून १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे की एचओच्या डब्याचं वजन २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम असावं. आपला डबा अकरा इंचांचा धरला तर होतात १८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 'प्रमाणबद्ध' वजनाच्या तिप्पट. छंदातल्या लोकांच्या डब्यांच्या पोटात शिशाचे नाहीतर लोखंडाचे तुकडे चिकटवलेले सापडतात ते यासाठी.

पण वजन डोळ्यांना दिसत नाही. मित्राला खटकलं ते वजन नव्हे, वेळ.

लांबी लहान करता येते. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. एक मीटर लांबीच्या साखळीच्या टोकाला जड वजन टांगून हलवलं तर एका झोक्याला, जाऊन परत यायला, दोन सेकंद लागतात. तीच साखळी ८७ पटीने लहान केली की साडेअकरा मिलिमीटरची होते आणि तिचा झोका दोन दशांश सेकंदांत उरकतो. लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो हे शाळेत पाठ केलेलं असतं; ८७चं वर्गमूळ ९.३. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं घड्याळ माझ्या टेबलावर ९.३ पट जोरात पळतं. डबा सांध्यावरून जाताना डुलत नाही, थरथरतो. डबे जोडणाऱ्या कपलिंगची कडी हेलकावत नाही, टकटकते. बघणाऱ्याला हे सूत्र माहीत नसतं, पण आयुष्यभर जड वस्तू हळू डुलताना पाहिल्यामुळे त्याच्या डोळ्याला लगेच कळतं की ही वस्तू बोटभर आहे.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात जहाजांची मॉडेलं पाण्याच्या टाकीत ओढून हेच नातं पक्कं केलं: मॉडेलचा वेग लांबीच्या पटीत कमी करायचा नाही, तिच्या वर्गमुळाच्या पटीत करायचा, मग लाटा खऱ्यासारख्या उठतात. सिनेमावाले लहान मॉडेलांचं चित्रण जास्त फ्रेम घेऊन करतात आणि संथ करून दाखवतात, तेही यासाठीच. आमच्या छंदात ती सोय नाही. प्रेक्षक समोर उभा असतो, आणि त्याला ताशी १०० किलोमीटरची गाडी म्हणजे ८७ने भागून सेकंदाला ३२ सेंटिमीटर, अशीच हवी असते. हे नजरेचं घड्याळ, आणि ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाबरोबर चालतं.

(पाण्याचंही असंच. मॉडेलमधल्या नदीत खरं पाणी ओतायचा मोह प्रत्येकाला एकदा होतो. काठाशी पृष्ठताणामुळे पाणी दोनतीन मिलिमीटर वर चढतं. प्रमाणात ते वीस सेंटिमीटरच्या आसपास झालं. असला काठ कुठल्या नदीला असतो? म्हणून आमच्या नद्या रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेच्या असतात.)

आता थांबण्याकडे येऊ, कारण मित्र तिथे हसला होता. ताशी १०० किलोमीटरने धावणारी खरी गाडी एका किलोमीटरात थांबते असं धरा. वेळ लागतो ७२ सेकंद. प्रमाणात तो किलोमीटर साडेअकरा मीटर होतो. माझी गाडी सेकंदाला ३२ सेंटिमीटरने येतेय. तिला खऱ्या गाडीइतकाच ब्रेक लागला, म्हणजे दर सेकंदाला वेग तितकाच घटला, तर ती थांबते १३ सेंटिमीटरांत, पाऊण सेकंदाच्या थोडं पुढे. तेरा सेंटिमीटर म्हणजे माझा अर्धा डबा. शेकडो टनांची गाडी अर्ध्या डब्याच्या अंतरात थबकली, तर आत बसलेल्यांचं काय होईल याचा विचार डोकं आपोआप करतं, आणि म्हणतं, खेळणं.

याच्या मुळाशी गतिज ऊर्जा आहे. तिच्यात वस्तुमान एकदा येतं आणि वेग दोनदा. वस्तुमान ८७च्या तिसऱ्या घाताने घटलं, वेगाचा वर्ग दुसऱ्या घाताने, म्हणजे ऊर्जेला ८७च्या पाचव्या घाताने, ४९८ कोटींनी भागायचं. माझं इंजिन प्रमाणापेक्षा जड आहे, ४०० ग्रॅमचं, तरी पूर्ण वेगात त्याच्याजवळ जमा असते ०.०२ ज्यूल. पाच ग्रॅमची पेन्सिल हातभरही नाही, ४० सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. त्यावर गिअरमधलं घर्षण, आसाशी तेल, धूळ. ऊर्जा टिकणार कशी?

आणि आता माझ्या लाडक्या वस्तूकडे.

इंजिनाचं कवच उघडलं की मोटरच्या दोन्ही टोकांना पितळेची दोन जाड चकत्यांसारखी चाकं दिसतात. त्यांना फ्लायव्हील म्हणतात. बघताना वाटतं, वजन वाढवायला घातलीत. तसं नाही. मोटर आणि चाकं यांच्यामध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे दातेरी चाक फिरवणारा एक स्क्रू. मोटरच्या सुमारे सोळा फेऱ्यांमागे चाकाची एक. चाकाचा व्यास १२ मिलिमीटर, तेव्हा सेकंदाला ३२ सेंटिमीटर जायला चाक मिनिटाला पाचशे फेरे घेतं आणि मोटर आठ हजार. दोन्ही चकत्या मिळून वीस ग्रॅमच्या, १६ मिलिमीटर व्यासाच्या धरा. फिरणाऱ्या चकतीची ऊर्जा काढायचं सूत्र आहे: वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, भागिले चार. सगळं मांडल्यावर उत्तर येतं ०.२२ ज्यूल. अख्ख्या इंजिनाजवळ ०.०२, आणि त्याच्या विसाव्या भागाच्या वजनाच्या दोन चकत्यांजवळ त्याच्या अकरा पट!

हेच फ्लायव्हील मोटरऐवजी चाकाच्या आसावर बसवलं असतं तर? फेरे सोळा पटीने कमी, ऊर्जा सोळाच्या वर्गाने, म्हणजे २५६ पटीने कमी. मग ते खरोखर नुसतं वजन राहिलं असतं. आणि व्यास वाढवला तर फायदा याहून मोठा, कारण चकतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की वस्तुमान चौपट होतं आणि त्रिज्येचा वर्गही चौपट, एकूण सोळा पट. पण खरं इंजिन तीन मीटर रुंद, ते मॉडेलमध्ये ३४ मिलिमीटर. त्यातून कवचाची जाडी, तारा वजा केल्या की चकतीला जागा उरते ती अंगठ्याच्या नखाएवढी. इथे कारखानदार एकेका मिलिमीटरसाठी भांडतात. वर्म गिअरची आणखी एक गंमत म्हणजे तो सहसा उलट बाजूने चालवता येत नाही. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू चाक फिरवतो, पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. फ्लायव्हील नसेल तर वीज जाताच मोटर थांबते आणि चाकं जागच्या जागी आवळली जातात. इंजिन रुळावर चक्क घसरत थांबतं. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की पितळेच्या त्या चकत्यांमुळे इंजिन बंद केल्यावर वीतभर पुढे जातं.

हेच फ्लायव्हील घेऊन काही महाभाग 'फुकट वीज' विकायला निघतात. मोटर फ्लायव्हील फिरवते, ते जनित्र फिरवतं, जनित्र पुन्हा मोटर चालवतं, आणि वर घराचे दिवे लागतात, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. फ्लायव्हील म्हणजे ऊर्जेचा गल्ला. टाकाल तेवढं निघेल, त्यातूनही घर्षणाची दस्तुरी कापून. माझ्या टेबलावर तो गल्ला सेकंद-दीड सेकंदात रिकामा होतो. असल्या व्हिडिओत टेबलाखाली कुठे तरी एक वायर भिंतीकडे गेलेली असते, ती शोधावी.

वीत मिळाली, पण साडेअकरा मीटर कुठून आणायचे? त्यासाठी चिप लागते. १९९०च्या दशकात डीसीसी ही डिजिटल पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात रुळांत कायम वीज असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद राहिली तर तो अर्धा 'एक', १०० किंवा जास्त राहिली तर अर्धा 'शून्य'. असे एक-शून्य जोडून संदेश बनतो: अमुक क्रमांकाच्या इंजिना, अमुक वेगाने जा. प्रत्येक इंजिनातली चिप सगळे संदेश ऐकते आणि आपला तेवढा पाळते. तिच्यात तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या कप्प्यांत आकडे भरले की इंजिन वेग हळूहळू वाढवतं, हळूहळू सोडतं. मी बटण शून्यावर आणलं तरी चिप मोटरला थोडी थोडी वीज देतच राहते. नसलेलं जडत्व हिशोबाने उभं केलेलं असतं.

मी हौसेने ७२ सेकंद लावून पाहिले. मित्राला बोलावलं. तो अर्धा मिनिट बघत राहिला आणि म्हणाला, "ही थांबणार कधी?" टेबलही संपलं होतं, गाडी बफरला जाऊन टेकली. शेवटी ताशी चाळीसच्या वेगाने येणारी मालगाडी वीस सेकंदांत, सव्वा मीटरमध्ये थांबेल असं ठरवलं. खरं नाही, पण खरं वाटतं.

हे सगळं एकट्याच्या टेबलावर. पण या छंदाची खरी मजा तुकडे जोडण्यात आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक तुकडा बांधायचा, टोकाला रुळांची जागा, उंची आणि वायरिंग ठरलेल्या मापाचं ठेवायचं, मधे डोंगर करा नाहीतर गोदी. मग मोठ्या हॉलमध्ये सगळे एकत्र जोडायचे. तिथे वेळापत्रक लावून गाड्या चालवतात, आणि तिथे तिसरं घड्याळ येतं. दहा किलोमीटरवरचं पुढचं स्टेशन एचओमध्ये ११५ मीटरवर हवं. हॉल एवढा कुणाकडे आहे? ते असतं आठदहा मीटरवर. गाडी अर्ध्या मिनिटात पोहोचते. म्हणून भिंतीवरचं घड्याळच जोरात पळवतात, चौपट, कधी सहापट, म्हणजे वेळापत्रकात प्रवासाला दोनतीन मिनिटं तरी दिसतात. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांडमध्ये, २००१पासून चालू असलेल्या मॉडेल रेल्वेच्या त्या अवाढव्य मांडणीवर, अख्खा दिवस पंधरा मिनिटांत मावळतो.

तर साखळी ९.३ पटीने हलते, गाडी मनगटावरच्या वेळेने धावते, आणि भिंतीवरचं घड्याळ सहापटीने.

अशाच एका मेळाव्यात माझी मालगाडी आली. मी मोठ्या ऐटीत वीस सेकंदांचा ब्रेक लावला. ती एकेका डब्याने सावकाश सरकत, जडपणाचा पुरेपूर भास देत फलाटाशी टेकली. मागे उभे असलेले दोघेतिघे "वा" म्हणाले. स्टेशन मास्तरच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी मान वर केली नाही. भिंतीकडे पाहून त्यांनी नोंदवहीत लिहिलं: दोन मिनिटं उशीर.