विद्यार्थ्याचे ऑनलाइन दुकान, आईचे नाव: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

उत्तर नागपुरातील वस्त्यांमध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही सायंकाळचा एक वर्ग चालवतो आणि त्यात ऑनलाइन विक्री शिकवतो: वस्तूचा फोटो कसा काढावा, खर्च धरून किंमत कशी ठरवावी, पार्सल कसे बांधावे, परत आलेल्या मालाचा हिशेब कसा ठेवावा. दहावीच्या वर्षात मुलगा कळमन्याच्या बाजारात किंवा लग्नसराईत केटरिंगच्या कामाला लागतो, बोर्डाला लागणारी ७५ टक्के हजेरी भरत नाही, आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म (खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरून टाकू’ असे म्हणत सुटलेली शाळा बहुधा कायमची सुटते. तेवढीच मिळकत शाळेची वेळ न मोडता घरून झाली तर त्याचे नाव हजेरीपटावर राहते, म्हणून हा खटाटोप. शिकवण्याचा भाग मुले लवकर आत्मसात करतात. अडते ते कागदांवर, आणि दर तुकडीत त्याच चार-पाच कागदांवर.

अर्ज कोणाच्या नावाने करावा

दुकानाच्या नोंदणीचे सर्वाधिक अर्ज पहिल्याच पायरीवर फसतात, कारण ते विद्यार्थ्याच्या नावाने भरलेले असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि विक्रीच्या संकेतस्थळावर दुकान उघडणे हा करारच आहे. फोनवर नोंदणी पटकन होऊन जाते, पहिल्या काही ऑर्डरी निघतात, आणि पैसे हाती पडण्याआधी पॅन व बँक खात्याची पडताळणी लागली की रक्कम अडकते. अशा वेळी ‘दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, जन्मवर्ष बदलून टाका’ असा सल्ला देणारे लोक भेटतात. हा सल्ला कृपा करून मानू नये. आधारवरील आणि शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख एकदा जुळेनाशी झाली की दुकान राहते बाजूला, शिष्यवृत्तीचा अर्जही अडतो.

त्यामुळे दुकान पालकाच्या नावाने उघडावे आणि शक्यतो ते आईच्या नावाने असावे. वडिलांचे खाते पुष्कळदा गाडीच्या किंवा इतर कर्जाच्या हप्त्यांना जोडलेले असते, आणि विक्रीचे पैसे जमा होताच थकलेला हप्ता कापला जातो. मग महिनाभर राबलेल्या मुलीला काय उत्तर द्यावे, हे कोणालाच सुचत नाही.

वयाची दुसरी अट कामाविषयी आहे, आणि ती पालकांइतकीच आमच्यासारख्या वर्ग चालवणाऱ्यांनाही लागू होते. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. आपल्याला लागू पडणारा अपवाद आहे तो कुटुंबाच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करण्याचा, तोही काम धोकादायक नसेल तर. कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा आणि मावशी. शेजारच्या ताई त्यात येत नाहीत, त्या कितीही प्रेमळ असल्या तरी. नियमांप्रमाणे ही मदत दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक नसावी आणि सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत मुळीच नसावी. मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिले तर मुख्याध्यापकांनी ते संबंधित अधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणून आमच्या वर्गात कधी सातवी-आठवीची मुलेही बसतात तेव्हा ती फक्त शिकतात. वर्गात कोणाच्याही ऑर्डरीचा माल बांधून घेतला जात नाही. सणाच्या तोंडावर पाचशे खोक्यांची ऑर्डर घेऊन येणाऱ्या शुभचिंतकांना हे पटवून देताना आमची बरीच शक्ती खर्च होते.

आईचे पॅन आणि कोणाकडेच नसलेला कागद

आईच्या नावाने दुकान म्हणजे आईचे पॅन आले, आणि ते अनेक घरांत नसते. प्रौढ व्यक्तीला आधारच्या आधारे तत्काळ ई-पॅन विनामूल्य मिळते, मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात: आधारला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख. पहिली गोष्ट निदान सोडवता तरी येते. आधार काढताना दिलेले सिम कधीच बंद पडलेले असते, तेव्हा आधार केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा. एक दिवसाची मजुरी बुडते, पण काम होते.

दुसऱ्या गोष्टीवर महिने जातात. वस्तीतील पुष्कळ स्त्रियांच्या आधारवर केवळ जन्मवर्ष आहे, कारण नोंदणीच्या दिवशी कोणतेही प्रमाणपत्र जवळ नव्हते आणि समोरच्याने अंदाजाने वर्ष टाकले. अशा आधारवर तत्काळ ई-पॅन मिळत नाही आणि संगणक नेमके कारणही धड सांगत नाही, म्हणून तोच अर्ज चार वेळा भरला जातो. पूर्ण तारखेसाठी जन्माचा पुरावा लागतो. जन्मदाखला नाही, आई दहावीपर्यंत पोहोचलेली नाही, म्हणून गुणपत्रिका नाही. उरते ती तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची दाखल-खारीज नोंद, म्हणजे शाळेत नाव घातल्याची व काढल्याची नोंद. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला मुलीची शाळा टिकवण्यासाठी वीस-पंचवीस वर्षांनी त्याच शाळेत जाऊन आपला दाखला मागावा लागतो, आणि तिथे बसलेला माणूस तिला विचारतो, ‘आता कशाले पाहिजे?’

तरीही जावे. शक्य असल्यास माहेरच्या कोणाला आधी पाठवून दाखल-खारीज रजिस्टरमधील अनुक्रमांक मिळवून ठेवावा, म्हणजे रजिस्टर सापडत नाही हे उत्तर ऐकावे लागत नाही. शाळेच्या दाखल्यावरून सेतू केंद्रामार्फत वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढता येते आणि जन्मतारखेचा शासकीय पुरावा म्हणून ते पुढे कामी येते. या साखळीतील कोणतीही कडी गाळून पुढे जाण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे, आणि प्रत्येक वेळी मागे यावे लागले आहे.

याच टप्प्यावर नावाचा गुंता वर येतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेच्या पासबुकावर नवऱ्याचे नाव गाळून नुसते आडनाव, आणि एखाद्या ठिकाणी ‘बाई’ जोडलेले. ‘मॅडम, हे दोन्ही नाव माहेच होय’ हे शंभर टक्के खरे असते, तरी संगणकाला ते कळत नाही. पॅन आणि बँक खाते यांवरील नाव अक्षरशः एकसारखे नसेल तर विक्रीचे पैसे अडकतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असल्यास त्यावर दुरुस्ती होते. नसल्यास राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. आमचे सांगणे असे की आधी आधार दुरुस्त करावे, मग त्याबरहुकूम पॅन काढावे आणि शेवटी बँकेत जावे. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो.

उद्यम नोंदणी

लहान व्यवसायाची ही सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे, पूर्णपणे निःशुल्क आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही कागदपत्र अपलोड करावे लागत नाही. आधार, पॅन आणि स्वयंघोषणा पुरते. तरीही पाचशे ते दोन हजार रुपये मोजून आलेले पालक आम्हाला दर तुकडीत भेटतात, कारण हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळे शोधात आधी येतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पान बंद करावे.

‘हा आधार क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ असा संदेश आला तर घाबरू नये. बचतगटाच्या किंवा लहान कर्जाच्या वेळी वित्तसंस्थेने उद्यम असिस्टवर (वित्तसंस्थांमार्फत अगदी लहान व्यवसायांची नोंद होते त्या सरकारी संकेतस्थळावर) आईची नोंद करून टाकलेली असू शकते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी नवा अर्ज न भरता आधीचा क्रमांक शोधून त्या नोंदीचेच पुढे काय करायचे ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

जीएसटी आणि राज्याची सीमा

‘जीएसटी क्रमांकाशिवाय ऑनलाइन विकता येत नाही’ हे आता अर्धवट खरे आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या मर्यादेच्या आतील लहान विक्रेत्याला ई-कॉमर्स कंपनीमार्फत वस्तू विकताना जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. पॅनवर आधारित नावनोंदणी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो आणि तोही विनामूल्य आहे. बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती याची अट: विक्री एकाच राज्यात हवी. नागपूरकरांना ही अट विशेष टोचते, कारण मध्य प्रदेशातील सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, सिवनी ही गावे आपल्याला पुण्यामुंबईपेक्षा कितीतरी जवळची आहेत, निम्मे नातलग तिकडेच आहेत आणि पहिल्या ऑर्डरीही तिकडूनच येतात. परंतु लाकडी नंदीचे (तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे) पार्सल पांढुर्ण्याला गेले की तो आंतरराज्य पुरवठा झाला, आणि या क्रमांकावर तो चालत नाही. डहाणूला पाठवलेले पार्सल चालते. अंतर पाहू नये, राज्य पाहावे.

मेंदीचे नमुने काढून देणे, फोटो दुरुस्त करणे, मराठी टंकलेखन ही कामे सेवेत मोडतात आणि त्यांना २० लाखांच्या मर्यादेपर्यंत राज्याच्या सीमेची अडचण नाही. ज्यांच्या घरात माल ठेवण्यास जागाच नाही अशा विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच सेवेकडे वळवतो.

सावजी मसाला, सांडगे, पापड विकायचे असतील तर अन्न सुरक्षा विभागाची मूलभूत नोंदणी आईच्या नावाने करावी. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. इथे अडतो तो पत्त्याचा पुरावा. लाइट बिल घरमालकाच्या नावावर असते, आणि घरमालक ना हरकत पत्र देत नाही, कारण उद्या भाडेकरू हक्क सांगेल अशी त्याला भीती वाटते. महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यासकडून (नासुप्र) पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मिळालेल्या घरांना हा त्रास नाही. इतरांनी पत्रात ‘केवळ अन्न नोंदणीसाठी’ असे शब्द घालून मसुदा आधीच लिहून न्यावा. मालक कोऱ्या कागदावर सही करत नाही, पण असा मसुदा वाचून पुष्कळदा करतो.

बँक खाते, शिष्यवृत्ती आणि लाडकी बहीण

विक्रीचे पैसे आईच्या खात्यात घ्यावेत, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार १० वर्षांवरील मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते उघडून चालवता येते, आणि मुलीच्या वाट्याची बचत त्यात ठेवावी, हे आम्ही आवर्जून सांगतो. एका शाखेत मात्र परिपत्रकाची प्रत दाखवूनही ‘वडील आल्याशिवाय होत नाही’ हेच तीन वेळा ऐकावे लागले. शेवटी आम्ही दुसरी शाखा गाठली.

आईचे खाते अपुऱ्या कागदांवर उघडलेले ‘छोटे खाते’ असेल तर त्यात वर्षाला एक लाखापेक्षा अधिक जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा अधिक काढता येत नाही. केवायसी पूर्ण करून ते आधी नियमित करून घ्यावे.

नवे खाते उघडताना बँक ‘आधार जोडू का?’ असे विचारते आणि आपण मान डोलावतो. शासकीय अनुदानासाठी आधार एका वेळी एकाच खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे नव्या खात्याशी जोडणी झाली की लाडकी बहीण योजनेचे पैसे तिकडे वळतात, आणि जुन्या खात्यात ते न दिसल्याने ‘धंदा सुरू केला म्हणून योजना बंद झाली’ अशी अफवा अख्ख्या गल्लीत पसरते. योजनेच्या अटींत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणे आणि कुटुंबात आयकरदाता नसणे या अटी आहेत. उद्यम नोंदणी किंवा पॅन असणे ही अपात्रता नाही. उत्पन्न खरोखरच त्या मर्यादेकडे जाऊ लागले तर मात्र लपवू नये, कारण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही अडीच लाखांच्याच मर्यादेवर आहे.

विद्यार्थ्याचे स्वतःचे कागद

वर्गप्रवेशासाठी चालू वर्षाचे बोनाफाईड, आधार, पालकांचे संमतिपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत दरवर्षी चुकीची वाचली जाते: तो काढल्यापासून बारा महिने चालत नाही, त्यावर लिहिलेल्या ३१ मार्चपर्यंत चालतो. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला म्हणूनच जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. तो एप्रिलमध्ये काढावा.

वयाच्या १५ व्या वर्षी आधारवरील बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद पुन्हा करावी लागते, आणि १५ ते १७ या वयात ती मोफत होते. ती न केल्यास बारावीच्या वर्षात, नेमकी गरज असताना, ठसे जुळत नाहीत.

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईचे दुकान मुलाच्या नावावर ‘फिरवता’ येत नाही, कारण सर्व नोंदी आईच्या पॅनवर आहेत. मुलाने स्वतःच्या पॅनवर नव्याने नोंदणी करावी. अल्पवयात काढलेल्या पॅनवर फोटो व सही नसते, तेव्हा ते आधी अद्ययावत करून घ्यावे, आणि बँकेत नवीन केवायसी व सहीचा नमुना द्यावा.

वेळेविषयी एक सूचना. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी विकायचे असतील तर कागदांची सुरुवात श्रावणात करून चालत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, आणि तोवर आईच्या गावच्या शाळेला कुलूप असते. दाखल-खारीजचा अर्ज एप्रिलमध्ये, मुख्याध्यापक सुटीवर जाण्याआधी द्यावा आणि त्याची पोच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावी.